ग्रेडरसाहेबांचं स्वयंपाकघर

वानखडेकाका पोळी खाण्याआधी ओढून बघतात. दोन्ही हातांच्या चिमटीत तिची कड धरायची, हळूहळू ताणायची, तुटली की तो भाग खिडकीच्या उजेडात न्यायचा आणि निकाल द्यायचा, "धागा आखूड आहे." मगच पहिला घास.

काका तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचा, चिमटीत ओढून धागा पाहायचा आणि दर्जा सांगायचा, एवढंच काम. नोकरी संपली, चिमूट सुटली नाही. पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी, दुकानातला ब्रेड, सगळं ओढून पाहिलं जातं. फार आवडलं तर "माल बरा आहे". नाही आवडलं तर "कवडी". पावसात भिजून डागाळलेल्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात.

"लग्नात माह्या बापाच्या घरची जिलबी ओढून पाह्यली होती यायनं," काकू सांगतात. "तवाच उठून जाव लागत होतं मले."

निवृत्तीनंतर काकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. काकूंना गॅसपाशी उभं राहायचीही परवानगी उरली नाही. त्याच सुमारास मोबाइलचं इंटरनेट स्वस्त झालं आणि अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत 'ग्रेडरसाहेबांचं स्वयंपाकघर' हे चॅनेल निघालं. मी शेजारी राहते, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. मला वाटलं होतं, मला तंत्रज्ञान कळतं म्हणून. काकांनी खरं कारण सांगितलं, "तू इंग्लिश मीडियमची. तोंडातून शब्द निघत नाही तुह्या. असाच माणूस पाहिजे मले. मोबाइल धर अन् चूप राह्य."

मला हे काम आवडलं. मोबाइलच्या मागे उभं राहिलं की कोणी आपल्याकडे बघत नाही.

काका कॅमेऱ्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला दोन पेनं लावतात आणि कांद्यालाही लाइनीत उभा असल्यासारखं बोलावतात. "या, पुढं या. तुमी नाही, तो लहाना." मोहरी तडतडली नाही तर तिला जाब विचारतात, "काहून बाप्पा, घरून भांडून आली काय?" मी हसू दाबते, त्यामुळे आमचे बरेच व्हिडिओ थोडे हलतात.

पण एक गोष्ट मला छळायची. प्रत्येक व्हिडिओत काकांचं काहीतरी चुकायचं. जवसाची चटणी त्यांनी जवस न भाजताच कुटली. पिठलं गुठळ्यांचं केलं. कढी फुटेपर्यंत उकळली आणि वर म्हणाले, "अशी झाली पाहिजे." मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, हे पुन्हा करू या का?"

"राहू दे. तसंच टाक."

लोक कौतुक करायचे, टिंगलही करायचे. काका काहीच वाचून घ्यायचे नाहीत. रोज एकच प्रश्न, "वलगाववरून काही आलं काय?"

वलगावला त्यांची मोठी बहीण असते, कुसुमआत्या. त्यांची आई दिवसभर शेतात, म्हणून धाकट्या भावाला चुलीपाशी बसवून आत्यांनीच रांधायला शिकवलं. एका वर्षी ऐन वेचणीत अवकाळी पाऊस झाला. ओल्या कापसाच्या गाड्या केंद्रावर दोन-दोन दिवस उभ्या होत्या. त्यात आत्यांची गाडी होती, स्वतः आत्या गाडीवर बसलेल्या. काकांनी कापूस ओढून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कवडी." आत्यांनी गाडी वळवली. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून त्या भावाशी एक शब्द बोललेल्या नाहीत. राखी नाही, भाऊबीज नाही.

"कवडीच होता तो," काका मला एकदा म्हणाले. "बहिणीचा म्हणून धागा लांब होत नाही." मग बराच वेळ फडक्याने ओटा पुसत राहिले. ओटा स्वच्छच होता.

आत्यांच्या सुनेकडून काकूंना गुपचूप बातमी मिळायची. आत्या प्रत्येक व्हिडिओ बघतात, कपाळाला हात लावतात, पण फोन करत नाहीत.

मग काकांनी गोळाभात केला. डाळीच्या भरड्याचे मसालेदार गोळे शिजत आलेल्या भातात वाफवायचे आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी घ्यायची, हा आमच्या भागातला मानाचा पदार्थ. काकांनी गोळे धो-धो उकळत्या पाण्यातच सोडले. ते विरघळून सगळा पिवळा चिखल झाला. काकांनी शांतपणे त्यावर कोथिंबीर पेरली.

शूटिंग संपल्यावर मी पाणी प्यायला वळले तर ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेलं दुसरं पातेलं होतं. झाकण उचललं. मोकळा भात, अख्खे गोळे, हिंगाचा वास.

"काकू, हा कोणी केला?"

"कोण करीन? त्यायनंच, सकाळी. खाव तं लागते ना घरी."

"मग कॅमेऱ्यासमोर...?"

"तिथं बिघडवा लागते," काकू हळूच म्हणाल्या. "कुसुमबाईले सगळं सहन होते, चुकलेला स्वयंपाक सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचे हात कणकेत असताना फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला.

"नाम्या."

काकांचे हात थांबले.

"काय करून राहिला तू? गोळे उकळत्या पाण्यात टाकते काय कोणी?"

"मंग कवा टाकाचे, ताई?"

"पाणी आटलं का मंग. भरड्यात तेलाचं मोहन टाकलं होतं काय?"

"नाही," काका म्हणाले. व्हिडिओत त्यांनी ते खरंच टाकलं नव्हतं.

"लाज आणली रे. माह्या घरचे पाहून राहिले. म्हणतात, याले शिकवलं कोणी."

"मले नाही जमत, ताई."

मग आत्या म्हणाल्या, "मंगळवारी अमरावतीले येऊन राहिली मी. भरडा दळून ठेव. बारीक पीठ नोको."

मंगळवारी सकाळी काकूंनी आमच्या दारात एक पातेलं आणून ठेवलं. रात्रभर झोप न लागल्यामुळे काकांनी पहाटेच गोळाभात करून टाकला होता, अगदी अप्रतिम. "तुमी खाऊन टाका," काकू म्हणाल्या. "माह्या घरात एक शीत दिसलं नाही पाहिजे." आम्ही सकाळी आठ वाजता गोळाभात खाल्ला.

आत्या आल्या. कापसाचा विषय निघाला नाही. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि भरड्याची परात पुढे ओढली. मी सवयीने मोबाइल वर केला, काकांनी मानेनेच नाही म्हटलं. मग मी तो पिशवीत ठेवला आणि दाराशी उभी राहिले.

"मूठ अशी नाही," आत्या म्हणाल्या, आणि भावाची बोटं धरून गोळ्याभोवती वळवली. "अशी. समजलं?"

काका म्हणाले, "पुन्हा एकदा दाखव."

त्या दिवशी काकांना एकही गोष्ट पहिल्यांदा सांगून कळली नाही.