तातडीच्या विभागातले दोन अननस

अननसाला घाबरणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? वाघाला, पोलिसाला किंवा सासूला नव्हे, अननसाला? नसेल, तर तैवानमधल्या एखाद्या दवाखान्यात जाऊन बघा. तिथे मोठे डॉक्टरसुद्धा घाबरतात.

तिथल्या बोलीत अननसाला ‘ओंग-लाय’ म्हणतात, आणि कानाला ते ‘भरभराट येवो’ असंच ऐकू येतं. म्हणून दुकानदार गल्ल्याशेजारी अननस मांडतो आणि निवडणुकीतला उमेदवार तो छातीशी धरून फोटो काढतो. पण दवाखान्याच्या तातडीच्या विभागाची भरभराट म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

ताइतुंग गावातल्या अशाच एका विभागात लिआओ कुन-श्यांग एकोणीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसत होता. ‘नाव काय? काय होतंय?’ हे दोन प्रश्न त्याच्या तोंडात इतके बसले होते, की एकदा त्याने घरी जेवताना बायकोलाही तेच विचारलं. (“काय होतंय ते तुम्हाला बघूनच होतंय,” असं पी-युन म्हणाली.)

त्यांची बारा वर्षांची हान-यु गावच्या बेसबॉल संघात होती. मुलांमधली ती एकटी मुलगी, आणि तिसऱ्या बेसवरून तिने फेकलेला चेंडू झेलताना मुलांचे हात झिणझिणायचे. देशातले सगळे सामने जिंकून संघ आशिया-प्रशांत विभागाच्या पात्रता फेरीत आला होता, आणि यंदा ती फेरी गावच्याच मैदानावर होती. शनिवारी कोरियाशी शेवटचा सामना. जिंकले तर समुद्रापलीकडे जागतिक स्पर्धेला, हरले तर सोमवारी शाळेत.

आतापर्यंत अकरा सामने झाले होते. अकराही संघाने जिंकले होते आणि अकराही कुन-श्यांगचे चुकले होते.

“बाबा, उद्या येणार ना? खरंखरं?” शुक्रवारी हान-युने विचारलं.

“येणार म्हणजे येणारच. साडेबाराला सुटतो, एकला मैदानात. रजा मंजूर आहे.”

“मागच्या वेळी पण मंजूर होती.”

“मागच्या वेळी बस घसरली होती गं.”

“आणि त्याच्या मागच्या वेळी?”

“माशाचे काटे,” कुन-श्यांग थकून म्हणाला. “एकाच घरातले सात जण. सातही जणांच्या घशात.”

हान-युने आपला हातमोजा उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या पाठीकडे बघून कुन-श्यांगने मनाशी ठरवलं, की उद्या आभाळ कोसळलं तरी जायचं. (आभाळ कोसळलं असतं, तरी जखमींची नोंद त्यालाच करावी लागली असती. पण ते त्याला सुचलं नाही.)

सकाळी सहाला पी-युन संघासाठी भाताचे वीस डबे घेऊन निघाली. जाताना तिने दोन भलेमोठे अननस त्याच्यापुढे ठेवले.

“हे तुम्ही येताना आणा. माझ्या स्कूटरवर जागा नाही. सगळ्या आयांनी ठरवलंय, मुलांच्या बाकाशेजारी ठेवायचे.”

“अगं, मी दवाखान्यात चाललोय!”

“मग? दवाखान्यात न्या कोण म्हणतंय? बाहेर ठेवा.”

पण बाहेर जुलैचं ऊन होतं. दुपारपर्यंत स्कूटरवर अननसाचा मुरंबा झाला असता. कुन-श्यांगने खूप विचार केला आणि एक छोटासा निर्णय घेतला. डायपरच्या रिकाम्या खोक्यात त्याने दोन्ही अननस घातले, वर टॉवेल दाबला आणि खोकं आपल्या खुर्चीखाली सरकवलं. भरभराट काय ती नावात आहे. नाव कोणी घेतलंच नाही, तर तिला कळणार कसं?

आणि खरंच, सकाळ इतकी शांत गेली की मुख्य परिचारिका त्साईबाईंनी नखं कापून घेतली. सव्वाबाराला त्या स्वतः म्हणाल्या, “लिआओ, आज जाच तुम्ही. पोरगी वाट बघत असेल.”

कुन-श्यांगने टोपी घातली. तेवढ्यात खोकल्याचं औषध न्यायला एक आजीबाई खिडकीशी आल्या. त्यांनी नाक वर केलं.

“काय घमघमाट सुटलाय रे! ओंग-लाय ना? चांगलाच पिकलाय ओंग-लाय!”

त्साईबाईंच्या हातातलं नेलकटर खाली पडलं. आणि फोन वाजला.

पहिल्यांदा मधमाश्या चावलेले तिघे आले. मग शिडीवरून पडलेला रंगारी. त्साईबाईंनी दुसरी खिडकी उघडली, बदलीवर आलेल्या मुलीला तिथे बसवलं आणि कुन-श्यांगची टोपी त्याच्या डोक्यावरून काढून खुंटीला लावली.

“ते काटेरी फळ कोणी आणलं, ते मी नंतर विचारीन,” त्या म्हणाल्या. “आत्ता बसा.”

तो बसला. एक वाजला. दीड वाजता कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन शिए आजोबा आले. प्रेक्षकांत उडालेला चेंडू त्यांनी कपाळाने झेलला होता.

“नाव? काय होतंय?” कुन-श्यांगने सवयीने विचारलं. मग आवाज खाली आणला. “आणि स्कोअर काय?”

“कोरिया तीन, आपला भोपळा.”

त्यांच्यामागे एकमेकांना धरून दोन मेहुणे लंगडत आले. पंचाच्या एका निर्णयावरून दोघांची जुंपली होती आणि दोघेही बाकांवरून गडगडले होते.

“तो बादच होता!” एक म्हणाला.

“डोळे तपासून घे आता, आलोच आहोत तर!” दुसरा म्हणाला.

“अहो, स्कोअर!” कुन-श्यांग कळवळला.

“तीन-दोन. अजून मागेच आहोत.”

मोबाइल वाजला. पी-युन होती. मागे ढोल बडवले जात होते. “अहो, कुठे आहात? पोरगी दर डावाला वर बघतेय! आणि अननस कुठेत?”

“खुर्चीखाली.”

“कुणाच्या?”

त्याने घाईने फोन बंद केला, कारण त्साईबाई पाठीमागेच उभ्या होत्या. त्यांनी खोकं ओढलं, टॉवेल उचलला आणि डोळे मिटून घेतले.

“हे आत्ताच्या आत्ता इमारतीबाहेर गेलं पाहिजे.”

“मी नेतो!” कुन-श्यांग टोपीकडे झेपावला.

“हे जाईल. तुम्ही नाही. बाहेर अकरा जण थांबलेत.”

रुग्णवाहिकेच्या चालकाने तर अननस बघून गाडीची काच वर केली. शेवटी कपाळाला पट्टी बांधून निघालेल्या शिए आजोबांनी खोकं आपल्या स्कूटरवर घेतलं. अननस सामन्याला गेले आणि कुन-श्यांग खिडकीत राहिला.

पावणेतीनला एक बाई तोंड उघडं ठेवूनच आल्या. ओरडता ओरडता त्यांचा जबडा निखळला होता. मैदानातून थेट आलेलं ताजं माणूस! कुन-श्यांग खुर्चीतून उठला.

“शेवटचा डाव? संपला?”

बाईंनी जोरजोरात मान हलवली. मग एका हाताची चार बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताची तीन.

“चार आपले की त्यांचे?”

“आ आ आ!”

“आपले असतील तर एकदा मान हलवा!”

बाईंनी चार वेळा हलवली. मग त्यांनी बॅट फिरवल्याचा अभिनय केला, खिडकीतून हात घालून कुन-श्यांगची कॉलर धरली आणि त्या रडायलाच लागल्या. आता हे रडू आनंदाचं की दुःखाचं, ते उघड्या जबड्यावरून कळेना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुन-श्यांगने रांग मोडली. हाताला धरून त्याने बाईंना सगळ्यांच्या पुढे डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठे लावले, खाली दाबलं, मागे ढकललं. कट्‌ असा आवाज झाला.

“तुमच्याच पोरीने मारला हो!” बाई किंचाळल्या. “दोघं धावून आले, दोन धावा! चार-तीन! जिंकलो!”

आणि जबडा पुन्हा निखळला.

कुन-श्यांग खिडकीवर परत आला. डोळे पुसत त्याने पुढच्या माणसाला विचारलं, “नाव काय? काय होतंय?” तो माणूस म्हणाला, “माझं राहू दे. तुम्हालाच काय होतंय?”

संध्याकाळी घरी पाय ठेवताच हान-यु गळ्यात पडली. तो मनापासून म्हणाला, “चुकलं माझं. पण अननस तरी वेळेवर पोचले.”

“कुठले वेळेवर?” पी-युन म्हणाली. “शिए आजोबा वाटेत चहाला थांबले. आले तेव्हा मुलं मैदानात नाचत होती.”

“मग कशाने जिंकलो?” कुन-श्यांगने विचारलं.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघी भात वाढण्यात अगदी गढून गेल्या.

“बारावा होता ना बाबा, तुमचा चुकलेला?” हान-युने हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचे प्रशिक्षक तातडीच्या विभागात आले आणि त्यांनी त्साईबाईंना एक लेखी विनंती दिली, की जागतिक स्पर्धा संपेपर्यंत लिआओ कुन-श्यांग यांना एकही रजा देऊ नये. त्साईबाईंनी लगेच शिक्का मारला. विनंतीखाली सगळ्या संघाच्या सह्या होत्या. पहिली हान-युची होती.