जवळजवळ सगळ्यांना कळवलं

थोरल्याने केलं ते परक्यानेही केलं नसतं. पोटच्या पोरीचं लग्न ठरवलं आणि सख्ख्या आईला ते शिंप्याच्या दुकानात कळलं. गळ्यात टेप अडकवून शिंपी म्हणाला, "लग्नाचं शिवायचं ना, आजी?" आजीने चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. "त्याशिवाय का आले," म्हणाली, आणि उसवलेली उशी पिशवीतच ठेवून माघारी फिरली.

आजवर गोतावळ्यात कुठे काही झालं, की बातमी आधी आजीकडे यायची आणि दुपारच्या आत सगळीकडे पोचायची. थोरला कॉम्प्युटरच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने ही पद्धत धोकादायक ठरवली. "सगळा भार एकाच खांबावर, आई. उद्या तुझा घसा बसला तर?" म्हणून योजना आली. ज्याला बातमी कळेल त्याच्यासाठी फोन गोतावळ्यातलं एक नाव डोळे मिटून उचलणार, त्यालाच सांगायचं. मग त्या दोघांनी आणखी दोघांना. ज्याला सांगावं त्याला आधीच ठाऊक निघालं, तर आपण गप्प बसायचं. आपल्या मनाने कुणाला सांगणं म्हणजे वशिलेबाजी.

आजी घरी आली तेव्हा थोरला जेवत होता. "तुझं नाव निघालं नाही, आई."

"मी तुझ्या समोर बसलेय."

"कोण कुठे बसलंय ते फोन बघत नाही. तेच तर त्याचं बळ."

सून म्हणाली, "मी सांगणार होते, आई. पण माझ्या वाट्याला मावससासूबाई आल्या, आणि त्यांना आधीच माहीत होतं. मग नियमाप्रमाणे गप्प बसले."

"तुला गप्प बसवलं, म्हणजे योजनेत गुण आहे." आजी थोरल्याकडे वळली. "मग आता सांग."

"आता बातमी निवली. जवळजवळ सगळ्यांना कळलंय."

"आणि 'जवळजवळ'मध्ये अडकलेले?"

"ते हिशेबात धरलेले असतात. त्यांची पानं हॉलवाल्याला सांगितलेली नाहीत."

आजी उठली आणि नातीच्या खोलीत गेली. नात सायकलची चेन पुसत होती.

"तूही सांगितलं नाहीस गं भवाने?"

"काय?"

"तुझं लग्न."

नातीचं फडकं थांबलं. "कुणाशी?"

आजीने तिला तशीच, तेलकट हातांनी, थोरल्यापुढे उभी केली. थोरल्याने फोन पाहिला. "हिचंही नाव राहिलं वाटतं. क्वचित होतं असं."

"बाबा, मी त्याच्याबरोबर एकदा चहा प्यायले. तुम्ही विचारलंत तेव्हा 'बघू' म्हणाले."

"मुली 'बघू' म्हणतात तेव्हा हो असतं. मी तसं पाठवलं."

"मला नाही करायचं हे लग्न."

थोरल्याचा घास हातात राहिला. "अडचण आहे. गेलेली बातमी परत बोलवायची सोय योजनेत नाही."

आजीने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"परत बोलवायचं मी बघते, माझा घसा शाबूत आहे. तू एवढं ऐक. शिंप्यापासून तुझ्या मावशीपर्यंत ज्याला कळलं त्याने बातमी पुढे ढकलली. पोरीला विचारायला एक जण थांबला नाही, आणि तू बाप असून थांबला नाहीस. तुझ्या यंत्रात खोट नाही रे. ते आपल्या माणसांवर गेलंय."