सातवा स्क्रू

अकराची मीटिंग, आणि पावणेअकराला लॅपटॉप तीन सेकंद जागा होऊन पुन्हा झोपला.

बाळंतपणाच्या रजेनंतर सुनेचा कामाचा पहिला दिवस. आठ महिन्यांच्या छकुलीला सासूबाई सांभाळणार आणि ती घरूनच काम करणार, असं ठरलं होतं. लॅपटॉपचा पंखा फार घरघरतो म्हणून नवऱ्याने सकाळीच तो उघडला, पंखा काढून ब्रशने झाडला आणि परत बसवला. न सांगता केलेली मदत होती. अशा मदतीची तिला धास्तीच वाटे.

"पिन सैल राहिली असेल," म्हणत त्याने लॅपटॉप पालथा केला आणि बोटाने काहीतरी मोजू लागला.

"काय झालं?"

"काही नाही. भोकं सात आहेत."

"मग?"

"स्क्रू सहा."

तिघांनी एकदमच खाली पाहिलं. सतरंजीवर छकुली काहीतरी चघळत होती. सासूबाईंनी बोट घालून ते बाहेर काढलं. मीटिंगचे मुद्दे लिहिलेल्या कागदाचा कोपरा होता.

"आणि त्याआधी काय गिळलं असेल? आई, तुमचं लक्ष होतं ना हिच्याकडे?"

"होतं की. तुझंही होतं. दर दोन मिनिटांनी येऊन बघत होतीस."

"मी हिला बघत होते. जमिनीकडे नाही."

गाद्या उलटल्या, सतरंजी झटकली, कोपऱ्याकोपऱ्यातून झाडू फिरला. तोंडात बोट घातल्याचा छकुलीने आकांत मांडला होता, त्यातच डॉक्टरांना फोन लागला. "गिळताना कुणी पाहिलं नाही? तरी घेऊन या, एक्स-रे काढू." मीटिंग कुणाच्या डोक्यातही उरली नाही. तिने पिशवी अशी भरली, जणू आठवडाभर मुक्काम आहे.

एका पायात चप्पल घालून सासूबाई दारात थांबल्या.

"अरे, हिच्या पोटात बघायला निघालोय. त्याच्या पोटात बघितलंत का?"

नवऱ्याने लॅपटॉप उचलून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. जाळीतून मोबाइलचा उजेड टाकला, तर पंख्याच्या पात्यांपाशी सातवा स्क्रू चमकत होता. त्यानेच पंखा अडवला होता, आणि पंखा फिरेना म्हणून लॅपटॉप बंद पडत होता.

ती चपलांसकट उंबऱ्यातच बसली.

"परत हलव."

"दिसला ना तुला?"

"हलव म्हणते ना."

त्याने हलवला. छकुलीचं रडणं थांबलं.

"पाच मिनिटांत काढतो," तो म्हणाला. सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलून कमरेला खोचला.

"आज हात लावायचा नाही. डॉक्टरांना कळव, येत नाही म्हणून."

"आई, मघाशी मी तुम्हाला जरा..."

"जा गं, साहेब खोळंबले असतील."

अकरा वाजून वीस मिनिटांनी ती मोबाइलवरून मीटिंगला हजर झाली. दोन वाक्यं बोलून झाली असतील.

"मागे खुळखुळा वाजतोय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर," ती शांतपणे म्हणाली, "लॅपटॉप आहे."