मदरबोर्ड एस.टी.नं आला

लताचा कॉम्प्युटर बंद पडला गुरुवारी, आणि तिला बघायला धुळ्याहून पाहुणे यायचे होते रविवारी. एरवी कॉम्प्युटर बंद पडला म्हणून कुणाचं लग्न अडत नाही. एरंडोलच्या लोटन नानांच्या घरात मात्र ते अडायची वेळ आली होती, आणि त्याला कारण होते मुलाचे वडील, झुलाल आबा.

आबा एकदा चांगलेच फसले होते. मोठ्या सुनेच्या वेळी मुलीकडच्यांनी बैठकीत शिलाई मशीन मांडून ठेवलं होतं. वर विणलेला रुमाल, शेजारी कात्री, सगळं जिथल्या तिथं. मुलगी शिवणकामात हुशार म्हणून आबा खूश होऊन परतले. लग्नानंतर कळलं, मशीन शेजाऱ्यांचं होतं. तेव्हा या खेपेला आबांनी आधीच निरोप धाडला होता, ‘पोरगी कॉम्प्युटर चालवते म्हणता ना, मग आमच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवा. पुढचं त्यानंतर बोलू.’

आणि लता खरंच चालवायची. जळगावच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला तो जुना, तीनशेशहाऐंशी जातीचा कॉम्प्युटर तिनं हट्टानं घरी आणला होता आणि गावातल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका ती त्यावर मराठीत तयार करून द्यायची. आतापर्यंतची स्थळं तिनं चहा निवायच्या आत नाकारली होती. या वेळी ती स्वतःहून आईला म्हणाली होती, “हे स्थळ मला पाहिजे.” मुलाचा, म्हणजे वनाचा, धुळ्यात छोटा छापखाना होता आणि लग्नानंतर मुलीनं काम सोडता कामा नये, अशी अट त्यानंच घातली होती. अशी अट घालणारा मुलगा तानुबाईंनी, म्हणजे लताच्या आईनं, पहिल्यांदाच ऐकला होता.

लतानं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. पंखा फिरत होता, पण पडदा काळा आणि आवाज काही नाही. आत मुख्य पाटीवरची निळी बॅटरी फुटून तिच्यातलं पाणी पसरलं होतं आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या होत्या.

“मदरबोर्ड गेला,” ती म्हणाली.

“गेला तर नवा आणू,” नाना म्हणाले. नाना शाळेत हेडक्लार्क होते. गेलेल्या वस्तूच्या जागी नवी मागवणं हे त्यांना पाठ होतं.

“नवा याला बसत नाही, नाना. याच्याच वयाचा पाहिजे.”

शुक्रवारी नाना जळगावला जाऊन आले. तिथल्या दुकानदारानं बोर्डाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी उलटसुलट केली, दुसऱ्या दुकानदाराला हाक मारून दाखवली आणि दोघं मिळून हसले. शनिवारी तानुबाईंचा धुळ्याचा भाऊ, भटू मामा, मदतीला धावून आला. एका दुरुस्तीवाल्याकडे मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरचा चालू बोर्ड त्याला मिळाला. संध्याकाळी त्यानं फोन केला. “सकाळच्या गाडीवर डबा देतो. स्टँडवर उभे राहा.”

इथं डबा म्हणजे डबाच. एस.टी.त पार्सल म्हटलं की खिडकी, पावती, साहेब आणि साहेब जेवायला गेलेले. डबा म्हटलं की काही नाही. गावोगावच्या आया शिकायला गेलेल्या पोरांसाठी रोज भाकरीचे डबे ड्रायव्हरच्या हाती देतात आणि ड्रायव्हर ते स्टँडवर ज्याच्या त्याच्या हवाली करतो. मामानं भाकरीचा रुंद, बसका डबा घेतला, बोर्ड नव्या पंच्यात गुंडाळून आत ठेवला, डबा पांढऱ्या फडक्यात बांधला आणि पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला दिला. “एरंडोलला दाजी घेतील.” त्याच गाडीत पाहुणेही बसणार आहेत, हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांमध्ये झुंबरबाई होत्या. मुलाची आई. सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता. म्हणून कुठंही मुलगी बघायला निघाल्या की त्या आपली भाकरी आपल्याबरोबर घेत. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, फळीवर बोचकी होती, तेव्हा वनानं आईचा डबा ड्रायव्हरशेजारी ठेवला. तोही भाकरीचा, रुंद, बसका, आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेला.

एरंडोल स्टँडवर नाना सायकल घेऊन उभेच होते. ड्रायव्हरच्या हाताला जो डबा आधी लागला तो त्यानं खिडकीतून नानांना दिला, आणि दुसरा वनाला. नानांनी पाहुण्यांना नमस्कार केला, त्यांना टांग्यात बसवलं, “मी पुढं होतो” म्हणाले आणि डबा हँडलला अडकवून असे सुटले की टांग्यातल्या आबांना त्यांचा उत्साह फार आवडला.

घरी लता स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार होती. नानांनी धापा टाकत डबा समोर ठेवला. तिनं गाठ सोडली, झाकण काढलं. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या होत्या, खोल वाटीत भरीत होतं आणि कडेला दोन हिरव्या मिरच्या.

नानांनी भाकऱ्या उचलून खाली पाहिलं.

“तुझ्या भावानं भरीत पाठवलं,” नाना शेवटी म्हणाले.

“बिचाऱ्याचे डबे बदलले असतील घरात,” तानुबाई म्हणाल्या.

“मग आत्ता तो मदरबोर्ड जेवायला बसला असेल.”

लताच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाना, फोन करा ना मामाला.” नाना चपला शोधू लागले, तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. तानुबाईंनी भाकऱ्या आणि भरीत स्वयंपाकघरात नेलं, लतानं उघड्या कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि नाना एका पायात चप्पल घालून पाहुण्यांना सामोरे गेले.

बैठकीत आबा लोडाला टेकले. वना खुर्चीच्या कडेवर बसला. पाण्याचे पेले आले, पण झुंबरबाईंनी हात लावला नाही.

“वाईट नका मानू, नाना. सोयरीक पक्की होये पावेत मी पोरीना घरनं पानी बी पीत नही. मना डबा मनासंगे शे.”

“बरं, बरं,” नाना म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष आतल्या खोलीकडे होतं.

“मंग चालू करा ते यंत्र,” आबा म्हणाले.

“करू की. पण लाईट गेलीय ना आबा.”

आबांनी छताकडे पाहिलं. पंखा जोरात फिरत होता. नानांनीही पाहिलं, मग घाईघाईनं म्हणाले, “म्हणजे आतल्या खोलीतली गेलीय. तोवर थोडं खाऊन घ्या.”

आबांनी मान्य केलं, कारण मघापासून त्यांच्या नाकाला एक वास लागला होता. पोह्यांची बशी समोर आली तरी ते स्वयंपाकघराकडेच बघत राहिले. “घरमा भरीत शे का?”

आता पाहुण्यांनी स्वतः मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? तानुबाईंनी ताटात भाकरी आणि भरीत वाढून आणलं. आबांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि डोळे मिटले. सकाळपासून उपाशी, त्यात गाडीचे हादरे, त्यात हे भरीत.

“हाई भरीत कोनी करं?”

तानुबाईंना काय सुचलं कोण जाणे. कॉम्प्युटर तर आज चालत नाही, निदान हे तरी चालू द्यावं, असंच त्यांच्या मनात आलं असणार. त्या म्हणाल्या, “लतानंच केलं.”

दाराआड उभ्या असलेल्या लताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला वांगं भाजता यायचं नाही, भरीत दूरच राहिलं.

आबा बायकोकडे वळले. “दख, भरीत असं ऱ्हास. तीस वरीस व्हई ग्यात, तुन्हा हातले हाई चव नही उनी.”

झुंबरबाईंचा चेहरा लाल झाला. घरी हा माणूस समोर वर्तमानपत्र धरून जेवायचा आणि मीठ कमी की जास्त एवढंच बोलायचा. आणि आता परक्यांच्या बैठकीत तोंड उघडलं ते हे सांगायला.

“हात धुवू नका,” त्या म्हणाल्या. “मन्हं खाई दखा, मंग सांगा. वना, मना डबा काढ.”

वनानं पिशवीतून डबा काढला. झुंबरबाईंनी तावातावानं गाठ सोडली, झाकण बाजूला केलं, पंचा उलगडला आणि त्यातलं जे हाताला लागलं ते उचलून आबांच्या ताटाशेजारी ठेवलं. ती एक हिरवी पाटी होती. तिच्यावर काळे किडे बसल्यासारखे चौकोन होते आणि कडेला पितळेचे दात.

आबा पाटीकडे बघत राहिले, झुंबरबाई आबांकडे बघत राहिल्या. नानांना मात्र एकदम सगळं उमगलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. नेमक्या याच वेळी, बैठकीत काय झालं ते माहीत नसलेल्या तानुबाई उरलेलं भरीत वाढायला वाटी घेऊन बाहेर आल्या. वनाच्या नजरेसमोर ती वाटी आली. भांड्याच्या दुकानात घालून घेतलेलं नाव तिच्यावर होतं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं.

“सौ. झुंबरबाई झुलाल पाटील, धुळे.”

तानुबाईंच्या हातातला चमचा वाटीत पडला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वाचता येणाऱ्या दोघांना डबा उघडल्यापासून कशाचंच भान नव्हतं.

“म्हंजे मी जे खाद...” आबा म्हणाले.

“मन्हं शे,” झुंबरबाई म्हणाल्या. मग त्या तानुबाईंकडे वळल्या. “आनि तुम्ही म्हनतस, लतानी करं.”

आबा ताट सारून उठू लागले. मागच्या खेपेला मशीन शेजाऱ्यांचं, या खेपेला भरीत आपल्याच घरचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “चाल वना. दुपारनी गाडी सापडी.”

दार उघडलं आणि लता बाहेर आली. पदर खोचलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिचा बोर्ड तिथं भाकरीशेजारी पडला होता.

“आबा, आई खोटं बोलली. मला भरीत येत नाही,” ती म्हणाली. “आणि लाईट गेली नव्हती. कॉम्प्युटर बंद पडलाय. पण मला हे येतं.” तिनं बोर्ड दोन्ही कडांना धरून उचलला. “तुम्ही गाडीची वेळ होईपर्यंत बसा. नाही चालला तर जा.”

आबा उभेच राहिले. झुंबरबाई बसल्या. “मी दखसू,” त्या म्हणाल्या. त्या बसल्या म्हटल्यावर आबांनाही बसावं लागलं.

सगळी बैठक आतल्या खोलीत गेली. लतानं चादर ओढली, जमिनीवर बसकण मारली आणि जुना बोर्ड सोडवायला घेतला. वना तिच्यासमोर बसला, त्यानं तळहात पुढं केला आणि ती काढेल तो स्क्रू त्यात घेऊ लागला. तिनं जुन्या बोर्डावरची मेमरी काढून नव्यावर बसवली, कार्डं बसवली. शेवटी वीज आणणाऱ्या वायरींची दोन जुडगी उरली.

“ही उलटी लागली तर?” वनानं विचारलं.

“तर हाही बोर्ड गेला. दोन्हीकडच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत.”

“आल्यात,” वना वाकून म्हणाला.

तिनं बटण दाबलं. पंखा घरघरला आणि आतून एक बारीक टुक असा आवाज आला. तो ऐकताच लता इतकी आनंदली की तिनं वनाचा हात धरला आणि सगळे स्क्रू जमिनीवर सांडले. पडद्यावर अक्षरं उमटली, पण नव्या बोर्डाला आतली डिस्क ओळखता येईना. आबा हळूच म्हणाले, “अडकनं.” लतानं डिस्कच्या पाठीवरचे आकडे वाचून एकेक भरले, पुन्हा सुरू केलं, आणि तिचं मराठी लिहायचं पान पडद्यावर उघडलं. नाना टाळ्या वाजवणार होते, पण आबांकडे बघून त्यांनी हात मागं घेतले.

“चालस,” आबांनी कबूल केलं. “पन काही लिखी दखाड.”

“काय लिहू?”

“मी सांगस,” झुंबरबाई पुढं सरसावल्या. त्यांनी घसा साफ केला आणि शाळेत शिकलेल्या भाषेत एकेक शब्द सावकाश सांगितला. “झुंबरबाईच्या हातच्या भरितासारखं भरीत मी दुसरीकडे कुठंही खाल्लं नाही. खाली लिही, झुलाल. आनि सहीले जागा सोड.”

लताची बोटं धावली. प्रिंटर किंचाळत मागंपुढं झाला आणि कागद बाहेर आला. झुंबरबाईंनी तो फाडून आबांपुढं धरला.

“आपन पोर दखाले उनूत का भरीतनी सही कराले?” आबा म्हणाले.

“पहिले सही. मंग मी या घरनं पानी पिसू.”

पाणी म्हणजे काय, ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. नाना आबांकडे बघू लागले, वना बघू लागला, पाण्याचा पेला हातात धरून तानुबाई बघू लागल्या. लता तर श्वास धरून बसली होती. आबांनी एकदा ताटाची आठवण काढली असावी, कारण त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग नानांच्या खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली.

झुंबरबाईंनी पेला उचलला आणि घटाघट रिकामा केला. “आते साखर आना,” त्या तानुबाईंना म्हणाल्या. तानुबाई साखर आणायला धावल्या आणि नाना उगीचच त्यांच्या मागं धावले.

त्या गडबडीत आबा खुर्ची ओढून लताशेजारी बसले. पडद्यावर ते वाक्य अजून तसंच होतं. आबांनी मागं बघून आवाज खाली आणला.

“पोरी, यामा लिखेल मिटाडता येस का?”

“यातलं मिटवता येतं, आबा,” लता म्हणाली, “कागदावरचं नाही.”

आबांनी वळून पाहिलं. झुंबरबाई कागदाची घडी घालून कमरेच्या बटव्यात ठेवत होत्या.