बाकांविना उपासना

"चर्चमधले सगळे बाक बाहेर काढायचे," असं पाळक शांतवन साळव्यांनी जाहीर केलं, तेव्हा पंचकमिटीतला प्रत्येक जण आपापला बाक घट्ट धरून बसला. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना, नागपूर मरणाचं तापलेलं, आणि त्यात हे नवं खूळ!

साळवे नगरकडचे, उत्साही गृहस्थ. "शेजारी आपल्याकडं का येत नाहीत? आपण परके वाटतो त्यांना! बाक विलायती, पेटी विलायती, चाली विलायती. सतरंज्या अंथरू, टाळ-मृदंग आणू, कीर्तन करू. मग बघा कशी रीघ लागते!"

ही रीघ त्यांना रविवारपर्यंतच लागायला हवी होती. रविवारी खुद्द बिशपसाहेब येणार होते, आणि एकही नवा चेहरा दिसला नाही तर साळव्यांची बदली थेट दूर जंगलातल्या सिरोंच्याला, असं चर्चभर बोललं जात होतं. त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, नुकतीच नागपूरच्या शाळेत कायम नोकरी मिळाली होती. "तुमी जा सिरोंच्याले. मी काही येत नाही," असं सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

चर्चमधल्या प्रत्येक बाकामागे एकेका कुटुंबाच्या नावाची पितळी पाटी होती. उजवीकडचा तिसरा बाक रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्ड चांदेकरांचा. एकदा एक नवखा माणूस चुकून त्यावर बसला, तर चांदेकर तो उठेपर्यंत त्याच्या डोक्याशी उभे राहिले. तो माणूस पुन्हा काही आला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना मात्र मंडळी अजून करत होती.

"पाळकसाहेब," चांदेकर म्हणाले, "माह्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, तवा तो जिंदगीत पयल्यांदा बाकावर बसला. तोवर त्याले कोणी ओसरीवर बी बसू देत नव्हतं. अन् तुमी आमाले पुन्हा जमिनीवर बसवून राहिले?"

उत्तर सुचलं नाही की माणसं निर्णय घेतात, तसा पाळकांनी घेतला. शनिवारी बाक बाहेर कडुनिंबाखाली गेले.

समोरच्या रसवंतीवाल्या नत्थूजींनी ते पाहिले. त्यांच्या मुलीचं, कौसल्येचं, लग्न रविवारी संध्याकाळी शेजारच्याच मैदानात होतं.

"चांदेकरसाहेब, बाक काहून बाहेर काढले जी?"

"नोका विचारू! आमच्या पाळकसाहेबाले नकोत ते."

"मंग उद्याच्या दिवस मले द्या ना. मांडवात खुर्च्या कमी पडून राहिल्या."

"न्या! सारेच्या सारे न्या!" रागाच्या भरात चांदेकर एवढे उदार झाले, की वाहून न्यायला स्वतः हात लावू लागले.

रविवारी संध्याकाळी मंडळी कडक इस्त्रीत, बायबल काखेत मारून आली. आत फक्त सतरंज्या. चांदेकरांनी आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, सतरंजीकडं पाहिलं, आणि मांडवाचा रस्ता धरला. तिथं त्यांनी आपली पाटी शोधली आणि बसले. त्यांच्यामागून बाकीची कुटुंबंही गेली. बघता बघता सगळी मंडळी मांडवात आपापल्या बाकावर स्थिरस्थावर झाली. ही कोटवाली माणसं नवऱ्याच्या हापिसातली असावीत, असं समजून वधूपक्षानं त्यांना थंडगार सरबत दिलं.

चर्चमध्ये मात्र पाळक, मृदंगवाला, प्रेमिलाबाई आणि एकुलत्या एका खुर्चीवर बिशपसाहेब.

"मंडळी कुठंय?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"येतीलच, साहेब," पाळक म्हणाले. त्यांच्या पाठीवरून घामाची धार लागली होती.

एवढ्यात बँड वाजला. वरात दारात आली आणि नत्थूजी मांडवाकडं धावले. मांडवात बसायला जागाच नाही! वराकडची मंडळी उभी राहिली तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तर शेजारी दिवे लागलेले, पंखे फिरताहेत, सतरंज्या अंथरलेल्या.

"चला पाव्हणे! मुहूर्ताले येळ हाय. बसाची सोय इकडं केली हाय!"

वऱ्हाड चपला काढून आत आलं आणि फतकल मारून बसलं. पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळ उचलले आणि उधळ्या पुत्राचं कीर्तन लावलं. काय रंगलं म्हणता! पोरगा बापाची इस्टेट उडवतो तिथं वऱ्हाड हसलं. बाप त्याला पोटाशी धरतो तिथं नवऱ्याचे मामा चंपतराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. "वा महाराज! वा!"

आणि तेवढ्यात बाशिंग बांधलेला नवरदेव आत येऊन पहिल्या रांगेत बसला.

पाळकांनी टाळ थांबवले. त्यांनी प्रेमिलाबाईंकडं पाहिलं. बाईंनी डोळे वटारून 'गात राहा' अशी खूण केली. बिशपसाहेब मान डोलवत ठेका धरून होते.

"चला, मुहूर्त झाला!" नत्थूजी दारातून ओरडले आणि सगळं वऱ्हाड एकदम उठून गेलं.

"साळवे!" बिशपसाहेबांनी पाळकांचे खांदे धरले. "एवढे नवे चेहरे मी आयुष्यात पाहिले नाहीत. नागपुरात तुम्ही फुकट चाललात. सिरोंच्याला पंधरा वर्षांत एक नवा माणूस आलेला नाही. तिथं तुम्हीच हवे!"

प्रेमिलाबाई पुढं धावल्या. "अवो साहेब, वरात होती ते! लगनाची! जागा नव्हती म्हून बसले होते. नवरदेव नाही पायला का तुमी?"

पाळकांनी सुटकेचा श्वास घेतला.

"वरात?" बिशपसाहेब हळूच म्हणाले. "नवरदेवासकट? बाई, चालती वरात वळवून चर्चमध्ये बसवणारा पाळक मी नागपुरात ठेवला, तर देव मला क्षमा करणार नाही. पुढच्याच आठवड्यात निघा. ही परमेश्वराची इच्छा आहे."

त्याच वेळी शेजारच्या मांडवात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि बाकांवरून उठून उभी राहिलेली सगळी मंडळी सवयीप्रमाणे एका सुरात म्हणाली, "आमेन!"