कपाटवाल्यांची दुसरी बाजू

नाश्त्याच्या बशा उचलल्या की जेवणाच्या टेबलाचं ऑफिस व्हायचं. मग खातरजमा इस्त्रीचा शर्ट चढवून, पायात घरातल्या चपला घालून त्या ऑफिसात हजर व्हायचा. समोर लॅपटॉप, डाव्या हाताला मिठाची बरणी, उजव्या हाताला फोन. फोन वाजला की तो अजूनही, वर्तमानपत्राच्या कचेरीत असल्यासारखा, पहिल्याच घंटीला उचलायचा आणि म्हणायचा, "बोला, डेस्क." पलीकडे बहुतेक वेळा त्याची मेहुणी असायची आणि तिला बहिणीशी बोलायचं असायचं.

खातरजमा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. ते दैनिकात पडलं आणि घरापर्यंत आलं. कोणी वारल्याची बातमी आली तरी त्या घरी फोन करून, आवाज शक्य तितका हळू करून, 'नक्की ना?' असं विचारणारा अख्ख्या दैनिकात तो एकटाच होता. आणि कोणाविषयीही चार ओळी छापायच्या असल्या, की त्या माणसाशी ज्याचं पटत नाही अशाला गाठून त्याचंही म्हणणं घ्यायचं, हा त्याचा नियम. दुसरी बाजू घेतल्याशिवाय त्याने उभ्या आयुष्यात बातमी छापायला सोडली नव्हती. त्याला हे संपादकसाहेबांनीच शिकवलं होतं, आणि त्याने नोकरी सोडली तीही त्यावरूनच. एका संध्याकाळी दुसऱ्या बाजूचा फोन लागेना आणि पान तर छपाईला सोडायचं होतं. साहेब म्हणाले, "आता नाही थांबता येत." हा म्हणाला, "मग मी जातो." साहेब म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'ने घात केला. खातरजमाची अपेक्षा होती की साहेब म्हणतील, 'अरे बस, डोकं थंड कर.' त्याने टेबल सावकाश आवरलं. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. लिफ्ट आली तरी एकदा जाऊ दिली. कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगू लागला, "आता स्वतंत्र लेखन. हवं ते लिहायचं, हवं तेव्हा." प्रत्यक्षात काय लिहावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि त्याला हवं होतं ते म्हणजे ते कोंदट ऑफिस, तो आरडाओरडा आणि पान सुटल्यावरचा तो पाणचट चहा. चूक झाली होती. पण हे बायकोला कसं सांगणार?

बायकोला ते केव्हाच कळलं होतं. ती बोलत नव्हती, एवढंच. मात्र वर्षअखेरपर्यंत जम बसला नाही तर खातरजमाने साडूच्या कारखान्यात जाहिराती लिहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. साडू पाण्याच्या टाक्या बनवायचा. त्याने खातरजमाचं टेबलसुद्धा दाखवून ठेवलं होतं. ते स्वच्छतागृहासमोर होतं, आणि साडूच्या मते तिथे माणसांच्या ओळखी लवकर होतात.

अशा वेळी कपाटवाल्यांचं काम आलं. कपाटवाले म्हणजे लोखंडी कपाटांचे बडे कारखानदार. त्यांची सत्तरी होती, आणि पाहुण्यांना वाटायला त्यांच्या आयुष्यावर एक देखणी पुस्तिका काढावी असं त्यांच्या मुलीच्या मनात होतं. समारंभाला गावातले झाडून सगळे व्यापारी येणार होते. कपाटवाल्यांना लिखाण आवडलं तर व्यापाऱ्यांना आवडेल, व्यापाऱ्यांना आवडलं तर आणखी कामं मिळतील आणि स्वच्छतागृहासमोर बसायची पाळी टळेल. खातरजमाने हे काम अगदी जिवाच्या आकांताने घेतलं.

कपाटवाले दोन तास बोलले. कारखाना आपण एकट्याने कसा उभा केला, पत्रा स्वतः कसा वाकवला, पहिलं कपाट हातगाडीवरून कसं नेलं, सगळं सांगितलं. शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमचा धाकटा होता बरोबर. मग नव्हता." आणि त्यांनी चहा मागवला. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलीने डोळे मोठे करून मानेने 'नको' अशी खूण केली. शहाण्या माणसाने तिथेच विषय मिटवला असता.

खातरजमाने लेख उत्तम लिहिला. पण पाठवायची वेळ आली आणि त्याचा हात अडला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तिला टेबल हवं होतं.

"एकच बाजू आहे गं यात."

"अहो, ही बातमी नाही. वाढदिवस आहे."

"वाढदिवस झाला म्हणून काय झालं?"

बायकोने कोथिंबिरीची जुडी त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवली आणि ती निघून गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच समजलं होतं.

धाकट्या भावाचा पत्ता काढणं खातरजमाला अवघड नव्हतं. तो त्याच शहरात कुलपं बनवत होता. गंमत म्हणजे कपाटवाले आपल्या कपाटांना गावातल्या यच्चयावत कंपन्यांची कुलपं लावत, फक्त ह्या कुलपवाल्यांची सोडून. खातरजमाने फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं, आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर आली. "नमस्कार, दैनिकातून बोलतोय," तो म्हणाला. चूक ध्यानात येईपर्यंत पुढचं वाक्यही निघून गेलं होतं. "भाऊ ऐन अडचणीत असताना तुम्ही त्यांना सोडून गेलात, असं म्हटलं जातं. यावर तुमचं म्हणणं काय?"

आता हे असं कोणीही म्हटलेलं नव्हतं. पण बातमीदाराच्या तोंडी हे वाक्य तयारच असतं. खडा टाकून बघायचा, समोरचा चिडतो आणि बोलतो. कुलपवाले मात्र लगेच चिडले नाहीत.

"दादा असं म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

याचा अर्थ जगात सगळीकडे 'हो' असाच होतो. कुलपवाल्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या मिनिटाला दैनिकात लावला. माझ्याविषयी काय छापताय, म्हणून ते तिथे जो भेटेल त्याला जाब विचारू लागले.

तो फोन घेतला खातरजमाच्या जागी बसलेल्या मुलीने. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली, त्यामुळे नियमाला पक्की. तिने लगेच कपाटवाल्यांना फोन केला. म्हणाली, तुमच्या भावाने तुमचा आरोप फेटाळला आहे, आपलं म्हणणं काय? कपाटवाले म्हणाले, मी आरोप केलेलाच नाही. पण आता विषय निघालाच आहे तर ऐका. आणि मग त्यांनी इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ऐकवलं. डेस्कवरच्या मुलीने ते लिहून घेतलं आणि कुलपवाल्यांना वाचून दाखवलं. कुलपवाल्यांनी त्याला उत्तर दिलं. ते तिने कपाटवाल्यांना कळवलं. दोघा भावांनी वर्षानुवर्षं एकमेकांविषयी अवाक्षर काढलं नव्हतं, पण शिळ्या कढीला असा ऊत आला की संध्याकाळपर्यंत दोघांचे घसे बसले. आणि हे सगळं अगदी नियमाला धरून चाललं होतं.

संध्याकाळी कपाटवाल्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज रडवेला होता. बाबा म्हणतात समारंभच नको, ती म्हणाली, सगळं रद्द करा म्हणतात.

"मी फक्त दुसरी बाजू घेतली," खातरजमा म्हणाला.

"सर, आम्ही एकच मागितली होती."

रात्री तो जेवला नाही. बायकोने त्याच्या पानावर झाकण घातलं आणि उद्या साडूला फोन करायचा का, एवढंच विचारलं. तिचा आवाज मऊ होता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटवाले दारात उभे. पत्ता त्यांना दैनिकातून मिळाला होता. ते बसतात न बसतात तोच पुन्हा घंटी वाजली. कुलपवालेही तिथूनच पत्ता घेऊन आले होते; तो पहिला फोन कोणाचा असणार, हे डेस्कवरच्या मुलीने उशिरा का होईना ओळखलं होतं. घरात बसायची जागा म्हणजे ते टेबल. बायकोने लॅपटॉप बाजूला सारला, आणि टेबलाच्या एका टोकाला कपाटवाले, दुसऱ्या टोकाला कुलपवाले आणि मध्ये मिठाची बरणी अशी बैठक बसली. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. 'यांना सांगा' असं म्हणून खातरजमाला सांगत होते. खातरजमाचा हात आपोआप कागदाकडे गेला. किती महिन्यांनी त्याला बरं वाटत होतं, आणि या प्रसंगी बरं वाटणं बरं नव्हे हेही त्याला कळत होतं.

"यांना सांगा," कुलपवाले म्हणाले, "त्या दिवशी मी हळूहळू निघालो होतो. दारापर्यंत गेलो, थांबलो. फाटकापाशी थांबलो. एक हाक मारली असती तर परत फिरलो असतो."

कपाटवाल्यांनी पहिल्यांदा मान वळवून भावाकडे पाहिलं. "मला काय माहीत? मला वाटलं, चहाला चाललायस."

"हत्यारांची पेटी घेऊन?"

"तू पेटी घेऊनच जायचास चहाला. कोणावर विश्वास होता तुझा?"

कुलपवाल्यांनी यावर विचार केला. "ते खरंय, दादा," ते म्हणाले.

खातरजमाचं लिहिणं थांबलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर लिफ्टपाशी रेंगाळणारा तो स्वतः उभा राहिला. त्याने पाणी मागितलं. बायकोने तिघांनाही पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर कपाटवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. "पण धाकट्या, तू मला अडचणीत टाकून गेलास, असं मी कोणाला म्हणालो? कधीच नाही."

"यांनी सांगितलं मला."

दोघं भाऊ वळले. खातरजमा अंग चोरून म्हणाला, "मी तसं म्हटलं नाही. 'असं म्हटलं जातं', असं म्हटलं."

"कोण म्हणतं?"

खरं उत्तर 'कोणीच नाही' असं होतं. खातरजमाने सांगायचा प्रयत्न केला, की ती प्रश्न विचारायची एक पद्धत असते. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माझ्याशीही हे असंच बोलतात. 'मीठ जास्त झालंय असं म्हटलं जातं.'" त्यावर दोघा भावांनी तिच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. मग त्यांनी खातरजमाला फैलावर घेतलं. एकाने सुरुवात करावी आणि दुसऱ्याने वाक्य पुरं करावं, असं इतक्या एकदिलाने ते बोलत होते, की मध्ये दुरावा आलाच नव्हता असं कोणालाही वाटलं असतं.

ते निघाले तेही एकत्रच. पुढच्या कपाटांना कुठलं कुलूप बसेल याची बोलणी जिन्यातच सुरू झाली. पहिल्या वळणावर कपाटवाले थांबले आणि वर बघून म्हणाले, "समारंभ होणार. पण ते लेखाचं राहू द्या. आम्ही दुसरं कोणीतरी बघतो. जरा साधं लिहिणारा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर निदान समजूत तरी काढता आली असती.

खातरजमा टेबलापाशी येऊन बसला. दोन भावांचं भलं झालं होतं आणि त्याचं पुरतं वाटोळं. "साडूला कळव," तो बायकोला म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. तो "बोला, डेस्क" म्हणाला, आणि पलीकडे खरोखरच डेस्क होतं. साहेबांचा निरोप होता, उद्या येऊन जा.

त्याच्या मनात काय आलं ते सांगायला नको. बायकोने शर्टाला स्वतः इस्त्री केली. साडूला तिने अजून फोन केला नव्हता, हे तिने मुद्दाम सांगितलं. कित्येक महिन्यांनी खातरजमाने ऑफिसात जायला बूट चढवले. ऑफिसच्या दारावर मात्र, ज्या रखवालदाराला त्याने इतकी वर्षं रोज नमस्कार केला होता, त्यानेच खजील होऊन त्याच्या गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेली पट्टी अडकवली.

साहेब थकलेले दिसत होते. त्यांच्या टेबलावरचा नेहमीचा कागदांचा डोंगर नव्हता.

"आपल्या दैनिकाचं नाव घेऊन फोन केलास म्हणे."

"तोंडातून गेलं, साहेब."

"होतं असं," साहेब म्हणाले. त्यांनी चहा मागवला. तोच पाणचट चहा आला.

खातरजमाला राहवलं नाही. कालचे ते दोघं भाऊ डोळ्यांसमोर होते. "साहेब, एक विचारू? मी निघालो तेव्हा तुम्ही थांबवलं का नाहीत?"

साहेब दचकले. "मला वाटलं, तुझं बाहेर कुठेतरी पक्कं झालंय. भांडण हे निमित्त असेल. खरं सांगू, मला तुझा हेवा वाटला." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मीही या महिन्यात जातोय. जातोय म्हणजे, मालक जा म्हणालेत. म्हणून तुला बोलावलं. बाहेर काम मिळतं का रे?"

खातरजमाने चहा खाली ठेवला. शर्टाची इस्त्री, बूट, बायकोने न केलेला फोन, सगळं एकदम आठवलं. मिळत नाही, हे उत्तर त्याने रोज सकाळी टेबलाशी बसून तपासून घेतलं होतं, त्यात शंकेला जागा नव्हती. पण समोरच्या माणसाने टेबलाचे खण रिकामे केलेले होते.

"मिळतं," तो म्हणाला. "आत्ताच एक आहे. कपाटवाले म्हणून आहेत, त्यांची सत्तरी आहे. साधं लिहिणारा माणूस शोधतायत. नंबर देतो."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा लावला, नंबर लिहून घेतला आणि एकेक आकडा वाचून दाखवून बरोबर असल्याची खात्री करून घेतली. मग पेन तसंच हातात धरून म्हणाले, "एकटेच आहेत, की भाऊबिऊ?"

"एक धाकटा भाऊ आहे."

"कसं आहे दोघांचं?"

"आता बरं आहे."

"आता म्हणजे? आधी नव्हतं?" साहेब पुढे सरकले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती. "मग त्याचाही नंबर दे. एकदा बोलून घेतलेलं बरं."

खातरजमा त्यांच्याकडे बघत राहिला. या माणसाला सोडून आपण उगीच गेलो, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. मग त्याने कागद ओढला आणि कुलपवाल्यांचा नंबर नीट, सुवाच्य अक्षरात लिहून दिला.