कासऱ्याचं गिऱ्हाईक

मुंजाजीकडून बैलाचं दावं घ्यायचं तर आधी सात प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. कुठून आलात, चालत की जीपनं, जनावरं किती, मागचं दावं किती दिवस टिकलं... हे सगळं वहीत उतरवल्यावरच तो दोराला हात लावतो. तेही उभ्यानंच. दर अर्ध्या तासाला ताडपत्री उचलून चार पावलं सरकतो. "गर्दी वळून राहिली," म्हणतो. गोरेगावच्या आठवडी बाजारात त्याचं गिऱ्हाईक आधी दुकान शोधतं, मग दावं.

"डाक्टर, काहून जीव खाता? बैल सुटून राहिला तिकडं!" एखादं गिऱ्हाईक कावतं.

"सुटला? कितव्यांदा?" मुंजाजी पेन उघडतो.

डाक्टर म्हणजे पीएच.डी. प्रबंधाचा विषय, जिल्ह्यातले आठवडी बाजार. कॉलेजात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पगारही नाही. अशाच एका उन्हाळ्यात, ज्या बाजारावर प्रबंध लिहिला त्याच बाजारात तो दावी-कासरे मांडून बसला. चुकलो, उभा राहिला.

मी त्याचा शाळासोबती, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दर बाजाराला त्याच्या ताडपत्रीच्या कडेला उभं राहून फुकट सल्ले देतो. घेत काहीच नाही.

खेड्यापाड्यांत माल पोचवणाऱ्या एका कंपनीला बाजारांचा जाणकार हवा होता. जाहिरात मीच शोधली, अर्जही मीच टाइप केला. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्याशी येऊन बोटं अडखळली. डॉक्टरेट आणि दावी एकाच कागदावर? मी लिहिलं, 'स्वतंत्र संशोधन'. त्याला दाखवलं तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला. मी मात्र स्वतःवर एवढा खूश झालो, की त्या दिवशी बायकोला चहा करून दिला.

मुलाखत मोबाइलवर, माझ्या घरी झाली. मुंजाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण खुर्चीत टिकेना. तो बोलत खोलीभर फिरत होता आणि मी मोबाइल धरून त्याच्यासमोर उलटा चालत होतो. दोनदा कपाटावर आदळलो.

"अभ्यास उत्तम आहे, सर," पलीकडचे साहेब म्हणाले. "पण प्रत्यक्ष बाजारात कधी काम केलंय?"

मुंजाजी थांबला. त्यानं मोबाइलच्या वरून माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नकार आला. कारण, प्रत्यक्ष अनुभव नाही.

पुढच्या बाजाराला मी तरातरा गेलो. "काहून न्हाई म्हणलास रे? सगळी जिंदगी इथं उभा हायेस!"

"तू कागदावर लिहून बसला होतास, मास्तर. त्यांच्यासमोर तुला लबाड कसा पाडू?"

"मला लाज वाटली, म्हणून लिहिलं."

"कुणाची?" त्यानं सवयीनं पेन उघडलं. "माझी का तुझी?"

मी तिथंच मोबाइलवर त्याच कंपनीला नवा अर्ज लिहिला. सध्याचा व्यवसाय : बाजारोबाजार दावी-कासरे विकणे. त्याला वाचून दाखवला आणि धाडला. त्यांनी पुन्हा बोलावलं तर मुंजाजी आता बाजार सोडून जाणार, हे धाडल्यावर माझ्या ध्यानात आलं.

तो चहा आणायला गेला. वही ताडपत्रीवर पडली होती. चाळली. प्रत्येक बाजाराच्या पानावर शेवटी माझं नाव. एकही बाजार सुटला नव्हता. पुढं त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं :

'खरेदी : नाही. येण्याचं कारण : विचारलं नाही. विचारलं तर यायचा नाही.'

मी वही होती तशी ठेवली. मुंजाजी दोन कप घेऊन आला.

"एक कासरा दे," मी म्हणालो.

"तुझ्याकडं बैल कुठाय?"

"स्कूटर हाये."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग वहीकडं. कप खाली ठेवले आणि चक्क ताडपत्रीवर मांडी घालून बसला. शेजारची जागा हातानं झाडली.

"बस," म्हणाला. "सात प्रश्न हायेत."